मध्यरात्रीचा ऑर्गन

महोदय,
पाश्चात्त्य संगीतावर लिहिताना आपल्याकडे लेखणी मोझार्ट-बेथोव्हेनपुढे फारशी सरकत नाही. म्हणून क्लोद बालबास्त्र (१७२४–१७९९) या फ्रेंच ऑर्गनवादकाची आठवण करून द्यावीशी वाटते. दिजों गावातल्या ऑर्गनवादकाचा हा मुलगा १७५० मध्ये पॅरिसला आला आणि पुढे सें-रॉक चर्चचा वादक झाला. नाताळची लोकगीते घेऊन तो त्यांवर आवर्तनागणिक नवे नक्षीकाम करी. ते ऐकायला मध्यरात्रीच्या प्रार्थनेला एवढी गर्दी लोटे, की १७६२ मध्ये आर्चबिशपनी त्या रात्री त्याच्या वादनावरच बंदी घातली! केवढी ही दाद! या गीतांचा त्याचा संग्रह १७७० चा. आजही वाजवला जातो.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या चार वादकांपैकी तो एक होता, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा शिक्षकही. फ्रेंच राज्यक्रांतीत दरबार गेला, चर्चमधली पदे गेली. तेव्हा त्याने १७९२ मध्ये ‘मार्सेयेज’ या क्रांतिगीताच्या चालीवर पियानोसाठी रचना केली. काही जण याला संधिसाधूपणा म्हणतील. मला ते पटत नाही. साठी उलटलेल्या कलावंताने जगण्यासाठी शेवटी आपली कलाच वापरली. ऑर्गनवरची त्याची नाताळगीते वाचकांनी एकदा शांतपणे ऐकावीत, ही विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे