समुद्र निवडताना आधी तिथी बघ

पंचवटी, नाशिक

प्रिय बंड्या,

तू पाठवलेले बाराही फोटो पाहिले. बारांत फरक शोधून दाखवलास तर मिसळ माझ्याकडून. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. "यातला कुठला?" म्हणून विचारतोस, आणि जायचं कधी, काकू बरोबर येणार का, हे शेवटच्या ओळीत घाईघाईने. अरे, मुद्दा तेवढाच होता! फोनवर तू मधेच फाटे फोडतोस, म्हणून लिहायला बसलोय. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, नदीतला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालाय, दुकान बंद. वेळच वेळ आहे.

दिवाळीत अंदमान नको. आपल्याकडे तेव्हा आभाळ धुऊन काढल्यासारखं असतं, म्हणून सगळीकडे तसंच असेल असं आपण धरून चालतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात वादळांचे महिने. थायलंडची गंमत बघ: फुकेतचा पाऊस नोव्हेंबरात ओसरतो आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या सामुई बेटाला नेमका तेव्हाच झोडपतो. मे महिना म्हणशील, तर मोसमी पाऊस अंदमानात केरळच्याही आधी पोचतो. डिसेंबर ते एप्रिल, बस्स. मालदीवचंही गणित साधारण हेच, फक्त खर्च ऐकून वहिनी गप्प होतील.

आता माझी फजिती ऐक. अंदमानातल्या नील बेटाला, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, भरतपूर नावाचा किनारा आहे. फोटोत नुसता पाचू. आमच्या कोकणातल्या मावशीने शिकवलेला हिशोब मला तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दोन वाजता पोचलो तरी पाणी भरपूर असणार. कुटुंबाला हे सगळं रुबाबात समजावून सांगितलं. पोचलो तर समुद्र गायब! लांबवर मेलेल्या प्रवाळाचा खडबडीत पट्टा उघडा पडलेला, घोट्याएवढ्या पाण्यात काचेच्या तळाच्या होड्या टेकलेल्या. हौसेने आत गेलो तो अंगठा चिरून परत. नारळवाल्याने अंगठ्याकडे बघून विचारलं, टाइम बघून नाही का आलात? मावशीचा हिशोब आपल्या किनाऱ्याचा. हजारभर मैलांवरच्या समुद्राने तो का पाळावा? तेव्हा हॉटेल ठरवण्याआधी त्या बेटाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं.

पांढऱ्या वाळूचं म्हणशील, तर ती बरीचशी शिंपल्यांची आणि प्रवाळाची भुकटी. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि मागून वाळू सोडतात. वहिनींना हे तिथे पोचल्यावर सांग, आधी नको. आणि पोरांना बजाव, प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही. गुन्हा आहे तो, विमानतळावर पिशव्या तपासतात.

पोरं तलावात छान पोहतात हे मान्य. आपणही गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर, उड्या मारूनच शिकलो. पण समुद्रात ते सगळं चालत नाही. लाटा फुटताहेत आणि मधेच एक गुळगुळीत, शांत पट्टा दिसतो, तिथेच बरं वाटतं ना? तिथूनच पाणी आत ओढतं. ओढलंच तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला धरून आडवं पोहायचं आणि ओढ सुटली की बाहेर यायचं. आणखी एक, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाटी दिसली की ती आपल्यासाठीच आहे असं समजायचं.

मला विचारशील तर हॅवलॉक बेटाचं, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचं, राधानगर. 2004 साली टाइम मासिकाने आशियात सर्वोत्तम ठरवलं, 2020 मध्ये स्वच्छ किनाऱ्याचा ब्लू फ्लॅगही मिळाला. माझं कारण मात्र वेगळं आहे. तिथे वाळू पायाला मऊ आहे, पाठीशी उंच झाडांची गार सावली आहे, आणि काकूंना खुर्ची टाकून बसता येईल. किनारा पश्चिमेला तोंड करून, सूर्य समुद्रातच बुडतो. फक्त घड्याळ आपलं आणि बेट इतकं पूर्वेला, की डिसेंबरात पाचच्या सुमाराला खेळ संपतो. तू साडेपाचला चहा पिऊन निघणारा माणूस, म्हणून मुद्दाम सांगतोय.

खरी अडचण काकूंचे गुडघे. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, फेरीबोटीला दीड-दोन तास लागतात, चढ-उताराला फळी हलते, आणि त्यांना नाशिक-मुंबई गाडी लागते तर बोट लागणारच. सकाळची फेरी घे, गोळी आधी दे. रोज नवं बेट करू नकोस. राधानगरजवळच तीन रात्री राहा. काकूंना बोट जमणारच नसेल तर सरळ गुहागरला चला. लांबलचक, सपाट किनारा, गाडी थेट खोलीपर्यंत, जेवायला सोलकढी. पाणी निळं नसेल, पण तू फोटो काढणार की पाय बुडवणार?

अंदमानला गेलात तर सेल्युलर जेलला पूर्ण सकाळ ठेव. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. सावरकर आपल्या भगूरचे, त्यामुळे कोठडीसमोर काकू किती वेळ उभ्या राहतील याचा नेम नाही. घडीची खुर्ची बरोबर ने.

तारखा ठरल्या की आधी तिथी कळव. कोष्टक मी काढून ठेवतो, या वेळी मावशीला न विचारता.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अंगठा चिरलेला पंचवटीकर