आधी ओल, मग रंग

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, रंगारी ठरवून टाकला, गणपतीच्या आधी सगळं घर रंगवून देतो म्हणतो, 45 हजार एकरकमी, मालासकट. आई मागून हॉलला पिस्ता की क्रीम असं विचारत होती, आणि ती इतकी खुशीत होती की मला तेव्हा मोडता घालवेना. पण मला ते पटलेलं नाही. फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते. त्याला अजून इसारा दिला नसेल तर थांबा, दिला असेल तरी काम सुरू करू देऊ नका.

भर श्रावणात पार्ल्यातल्या त्या जुन्या भिंतींवर रंग टिकणार नाही. पश्चिमेची भिंत जूनपासून पाणी पिते आहे. बेडरूमच्या कपाटामागे गेल्या वर्षीच पोपडे सुटले होते, आणि ते पडले की खाली पांढरी भुकटी दिसायची. ती भुकटी म्हणजे गिलाव्यातले क्षार. पाणी आतून बाहेर येताना ते सोबत घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. वरून कितीही भारी लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, ओल आत कोंडली की ती रंगाला ढकलून बाहेर काढतेच. हा माणूस गणपतीपर्यंत घर चकाचक करून देईल, पैसे घेईल, आणि दिवाळीला आपण पुन्हा फुगे बघत बसू.

मी कोथरूडच्या घराचं रंगकाम काढलं तेव्हा काही रंगारी येऊन पाहून गेले. बहुतेकांनी दारात उभं राहून खोल्या मोजल्या आणि आकडा सांगितला. ज्याला काम दिलं तो आधी भिंतींवर हात फिरवत गेला. तळव्याला पांढरं लागलं की म्हणायचा, इथे डिस्टेंपरची पूड झाली आहे, खरवडावं लागेल. मग बोटांच्या पेरांनी ठोकत गेला. जिथे भद्द आवाज आला तिथे पेन्सिलीने गोल काढला, तिथला गिलावा आतून सुटलेला होता. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी त्याने विचारलं, ही ओल पावसाळ्यातच येते की बारा महिने? हा प्रश्न विचारणारा तो एकटाच होता. त्याचा आकडा सगळ्यांत कमी नव्हता, तरी मी त्यालाच काम दिलं. बाबा, तुमच्या माणसाने एकाही भिंतीला हात लावला का? मला वाटतं, नसेल लावला.

तोच प्रश्न आता आपल्या घराला विचारू. पश्चिमेची ओल पावसाळ्यातच येते, म्हणजे ती बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून येते. तो खर्च सोसायटीचा. सोसायटीच्या उपविधींमध्ये, म्हणजे नियमांत, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असं आहे. पण पॅसेजच्या छतावरचा तो तपकिरी डाग मला मे महिन्यातही ओलसर लागला होता. बरोब्बर वर वरच्या काकांचं न्हाणीघर आहे. त्यांच्या न्हाणीचा ट्रॅप, म्हणजे जाळीखालची सांडपाणी जायची जागा, गळत असणार. ते काम त्यांनी करून द्यायचं आहे, आणि ते करतील, माणसं चांगली आहेत, फक्त कोणीतरी जाऊन नीट सांगायला हवं. आई, हे तू बोल. बाबा बोलले की विषय पार्किंगवर जातो.

देवघराच्या कोपऱ्यातला काळपटपणा कशाचा आहे ते मला इथून कळत नाही. तिथे चपातीच्या डब्यात घालतो त्या फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघा. पाणी फॉइलच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, साचलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला असेल तर तो नुसता हवेतला दमटपणा आहे, खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून भागेल.

छतांची मात्र मला खरंच काळजी आहे. गॅलरीच्या छज्जाखाली आणि बाथरूमच्या माळ्यावर तपकिरी ओघळ दिसतात, ते गंजाचे आहेत. आतली सळई गंजली की फुगते आणि सिमेंटला फोडून खाली पाडते. समुद्राजवळच्या हवेत हे आणखी लवकर होतं. रंगारी तिथे लांबी भरून गुळगुळीत करून देईल आणि मग आत काय चाललंय ते कोणालाच दिसणार नाही. त्या दोन जागांना रंगाऱ्याचा हातही लागू देऊ नका. सुटलेलं सिमेंट फोडायचं, सळई घासून तिला गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं, हे वेगळं काम आहे आणि ते इंजिनियरला दाखवून करायचं. तशीही आपली बिल्डिंग पन्नाशी ओलांडून गेली आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं उपविधींमध्येच आहे. मागचं कधी झालं ते सेक्रेटरी काकांना विचारा, आणि लेखी विचारा.

तुम्ही म्हणाल, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, पाडायच्या घरावर खर्च कशाला. बाबा, अजून पीएमसी, म्हणजे रिडेव्हलपमेंटचा सल्लागारसुद्धा नेमलेला नाही. त्यानंतर फीजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, विकासक निवडायची 79अ कलमाखालची सभा, विकासकाशी करार, महापालिकेच्या परवानग्या. तोवर त्या बुरशीच्या वासात रोज तुम्हीच झोपणार आहात, आणि दमा तुम्हाला आहे. फॉल्स सीलिंग नको, टेक्श्चर नको, महागातला मखमली रंगही नको, हे मला मान्य आहे. पण कोरडी, स्वच्छ भिंत ही चैन नाही.

आता 45 हजारांचा हिशोब. आपला कार्पेट एरिया 550 चौरस फूट. भिंती आणि छत धरून साधारण साडेतीन पट धरतात, म्हणजे 1900 च्या आसपास चौरस फूट. चौरस फुटाला 23-24 रुपये पडले. त्यात खरवडणं, लांबी, प्रायमर, रंगाचे दोन हात, वर सगळ्या दारं-खिडक्या आणि ग्रिलचं ऑइल पेंट, तेही मालासकट? एवढ्यात नीट काम बसत नाही, कशाला तरी कात्री लागणार. बहुधा प्रायमर गायब होतो आणि रंगात पाणी वाढतं. म्हणून मजुरी वेगळी ठरवू आणि माल आपण दुकानातून आणू. चांगल्या इमल्शनचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचे, दोन हात लिटरमागे साधारण सव्वाशे चौरस फूट जातात, म्हणजे पंधरा-सोळा लिटर पुरेल. कोणी त्याच्या दुप्पट लिहून दिलं तर विचारायचं का ते. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं, त्यामुळे ठरावीकच माल घ्या असा आग्रह होतो. टोकन त्याला खुशाल घेऊ दे, ते त्याचं आहे, पण डबा आपल्यासमोर फुटला पाहिजे.

स्वयंपाकघर वेगळं सांगते, कारण तिथे हमखास चुकतं. आई, तुझ्या ओट्यामागे खांद्याइतक्या उंचीपर्यंत जुनं ऑइल पेंट आहे आणि त्यावर इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा चिकटा. ती भिंत आधी धुण्याच्या सोड्याने धुऊन काढायची, मग घासून तिची चकाकी घालवायची, मग प्रायमर. ऑइल पेंटवर थेट व्हाइट सिमेंटची पुट्टी मारली तर ती धरत नाही, पापुद्र्यासारखी निघते. कोणी "पुट्टी मारली की झालं" म्हणाला तर त्याला हे काम येत नाही असं समज.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. दारं, चौकटी आणि खिडक्यांच्या गजांवरचं जुनं ऑइल पेंट कोरडं घासू देऊ नका. त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या-लाल रंगांत तर खूपच. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा लागू झाली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. आपल्या चौकटींवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते. तुमची नात आता रांगते आहे, जमिनीवरचं जे हाताला लागेल ते तोंडात घालते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि एवढं चालेल अशी कुठलीच सुरक्षित पातळी नाही. जिथे जुना रंग घट्ट बसलेला आहे तिथे खरवडायचंच नाही. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, ओला करून हलकेच घासायचं आणि वरून नवा हात द्यायचा. जाळून रंग काढायचा तर अजिबात नाही. झाल्यावर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. घासणाऱ्या माणसालाही मास्क द्यायचा, ती धूळ दिवसभर त्याच्याच नाकात जाते.

तेव्हा माझं म्हणणं असं. गणपतीच्या आधी फक्त हॉलची आतली भिंत करू, जिथे मखर बसतं ती. ती कोरडी आहे, बाहेरच्या बाजूची नाही. तिथली डिस्टेंपरची पूड खरवडून, प्रायमर आणि दोन हात. गौरी-गणपतीच्या पाहुण्यांसमोर तेवढं छान दिसेल. पाऊस मुंबईतून साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्या उन्हात भिंती सुकतात, तेव्हा गळती, छज्जा आणि सुटलेला गिलावा ही कामं काढू. वायरिंगही त्याच वेळी बघून घेऊ, रंगानंतर भिंती फोडायला नकोत. नवा गिलावा महिनाभर तरी सुकू द्यावा लागतो. तोवर दिवाळी होऊन जाते, छठला गावी गेलेले कारागीर परत येतात आणि दिवाळीआधीची घाईही संपलेली असते. मग डिसेंबरमध्ये निवांत रंग.

त्या वेळी तुम्ही दोघं इकडे पुण्यात या. रंगाचा वास आणि धूळ बाबांना सोसायची नाही. मी तिकडे राहीन, ऑफिसचं काम तिथूनही होतं. कपाट हलवायला दोन माणसं सांगेन, बाबांनी त्याला हातसुद्धा लावायचा नाही. दागिने आणि कागदपत्रं आधीच लॉकरमध्ये. लोणच्याच्या बरण्या मी स्वतः गुंडाळून ठेवीन, आई, तू काळजी करू नकोस. रंगाऱ्यांना चहा आणि आपला संडास वापरायला मिळेल, आणि खिडकीबाहेरच्या छज्जावर कोणीही पट्टा बांधल्याशिवाय उतरणार नाही. ते ग्रिल बाहेरून रंगवायचं राहिलं तर राहू दे.

ठरलेल्या रंगाऱ्याला नाही म्हणायचा तुम्हाला संकोच वाटेल, मला ठाऊक आहे. त्याला मखराची भिंत द्या. ती त्याने नीट केली, खरवडून आणि प्रायमर मारून, तर डिसेंबरच्या कामाचं त्याच्याशीही बोलू. गळतीचा सोसायटीला द्यायचा अर्ज लिहून पाठवते आहे. सही करून सोमवारी ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासकट पोच घ्या. आणि आई, हॉलला पिस्ताच.

तुमची,
धाकटी