किनाऱ्यावर भरतीच्या वेळांचा फलक हवा

महोदय,

भाऊबीज उरकून आम्ही घरचे सात जण भुसावळहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरीला गेलो. टिळकांचे जन्मस्थान, रत्नदुर्ग भराभर पाहिले. थिबा पॅलेसमध्ये मात्र सासूबाई रेंगाळल्या. ब्रह्मदेशाचा राजा मुलुख गमावून इथे आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला, हे ऐकून त्या राजाबद्दलच बोलत राहिल्या.

खरी फजिती समुद्रावर झाली. चपला, कळण्याच्या भाकरीचा डबा आणि ठेच्याची बरणी वाळूत ठेवून सगळे पाण्याकडे गेलो. तासाभराने वळून पाहतो तर डबा तरंगतोय! बरणी वाचली, तीन चपला गेल्या. (उरलेली चौथी आम्ही का परत आणली, कोण जाणे.) नारळवाला म्हणाला, ‘अमावास्येचं उधाण आहे, पाणी वर चढणारच.’

आम्ही तापीकाठची माणसे. हतनूर धरणाचे दरवाजे उघडायचे असले की नदीकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो. समुद्राला दरवाजे नाहीत, पण त्याच्या वेळा तर आधीच ठरलेल्या असतात. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, हे कोकणातले पोरही जाणते. खानदेश-विदर्भातून येणाऱ्याला ते कोण सांगणार? त्या किनाऱ्यावर ‘कचरा टाकू नये’चे दोन फलक होते, भरतीच्या वेळांचा एकही नव्हता. वाहनतळाजवळ एक फळा आणि रोज खडूने लिहिलेल्या वेळा, एवढेच हवे आहे.

– एक वाचक, भुसावळ