संकेतस्थळ शोधात मागे का पडते?

संपादक महोदय,

आपले संकेतस्थळ शोधयंत्रात दिसत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेकांना जाहिरातीचा किंवा ‘कीवर्ड’चा (लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांचा) उपाय हवा असतो, दोष मात्र बहुधा फार जवळ असतो. अलीकडेच मी तपासलेल्या एका संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात, बांधणीच्या काळात घातलेली ‘नोइंडेक्स’ ही सूचना तशीच राहिली होती. हे पान सूचीत घेऊ नका, असे आपणच शोधयंत्राला सांगायचे आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहायची! तिथे सगळ्या पानांचे शीर्षकही ‘मुख्यपृष्ठ’ हेच होते आणि महत्त्वाचा मजकूर चित्रांत अडकलेला होता.

मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी अशा शब्दांची यादी) क्रमवारीसाठी विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले, तरी ते भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात, याची मला खरोखर चीड येते. विकतचे दुवे (क्रमवारी वाढावी म्हणून पैसे देऊन इतर संकेतस्थळांवर लावून घेतलेले आपले दुवे) तर त्याहून घातक आहेत. गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलानंतर अशा दुव्यांमुळे अनेक संकेतस्थळे एकदम खाली घसरली. मोबाइलवर पान मंद उघडणे हाही दोषच आहे (मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे), पण माझ्या मते सर्वांत मोठे कारण मजकुराचेच आहे. वाचक ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत येतो, ते उत्तर पानावर नसेल आणि इतरांचाच मजकूर शब्द फिरवून मांडलेला असेल, तर शोधयंत्राने ते पान वर का आणावे?

– एक संकेतस्थळ तपासनीस