जोडवी पर्समध्ये आहेत

निशी-कासाई, तोक्यो
फेब्रुवारी

प्रिय मंगे,

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, जिना उतरताना गुडघा कुरकुरतो. झालं.

मी एकटी कुसात्सुला जाऊन आले. गुन्मा प्रांतात बाराशे मीटर उंचीवरचं गरम झऱ्यांचं गाव. उएनोहून गाडीने अडीच तास, मग चढाची बस. उतरल्या उतरल्या उन्हवऱ्याच्या कुंडाचाच गंधकाचा वास, फक्त इथे रस्त्याकडेला गुडघाभर बर्फ.

जायचं दोघांनी ठरलं होतं. ऐन वेळी हा पुण्याला गेला, फ्लॅटचा ताबा घ्यायला. (हो, घेतलाच शेवटी. वारज्याला.) मी विचारलं, मग मी एकटीच जाऊ? तर म्हणाला, "जा की." बास. कशाला एकटी, थंडी किती असेल, काही नाही. मी दादरला एकटी गेले तरी परतीच्या गाडीला स्टेशनवर येऊन उभा राहणारा माणूस, तुला माहितीये. त्या "जा की"चा मला राग आला की सुटल्यासारखं वाटलं, हेच उलगडत नाहीये.

एकटीला खोली मिळवणं हाही एक उद्योग. इथल्या र्योकानांत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या उतारघरांत, भाडं माणशी, जेवणासकट, आणि खोल्या दोघांच्या हिशेबाने. एकटं माणूस म्हणजे त्यांना खोट. शनिवारी तर बरेच जण नकोच म्हणतात. मी मधला वार धरला आणि जादा पैसे मोजले. जेवण बावनकशी, पण सगळ्यात माशाचं पाणी. तू असतीस तर भातावर मीठ घालून रुसून बसली असतीस.

गावाच्या मधोमध युबाताके आहे, म्हणजे गरम पाण्याचं शेत. मिनिटाला 4,000 लिटर पाणी वर येतं आणि लाकडी पन्हळींतून वाफाळत वाहतं. सगळे झरे धरले तर 32,000 च्या वर. पाणी पन्नास अंशांहून गरम, पण त्यात थंड पाणी घालायचं नाही, गुण जातो म्हणे. म्हणून बायका पुरुषभर लांबीच्या फळ्यांनी ते घुसळून निववायच्या, गाणी म्हणत. आता त्याचा तिकीट लावून कार्यक्रम करतात. आणि आंबट किती, तर लिंबाच्या रसाइतकं! लोखंडी खिळाही झिजतो त्यात. माझ्या डोळ्यात गेलं तर मी मराठीत जे बोलले ते कुणाला कळलं नाही, हे बरं.

कपड्यांचं विचारशीलच. काही नाही, मंगे. हातभर टॉवेल, तोही पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं, मग उतरायचं. मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मग लक्षात आलं की त्या आज्यांना माझ्या पोटात काडीचाही रस नाही.

दागिने काढा, अशी पाटी होती. चांदी काळी पडते. मंगळसूत्राचं काही नाही, ऑफिसला जाताना घालतच नाही. पण जोडवी निघेनात! साबणाने झटले, तरी नाही. शेजारच्या आजीने काही न विचारता शाम्पूची बाटली सरकवली, तेव्हा निघाली. बोटांवर पांढऱ्या खुणा. आता हसू नकोस. कार्यालयाच्या दारात तू "गुरांना बिल्ले लावतात तसं" म्हणालीस आणि आपलं बोलणं बंद झालं. मी अजूनही म्हणते, लग्नाच्या दिवशी ते बोलायला नको होतंस. दुसऱ्या दिवशी बोलली असतीस तर चाललं असतं.

तर ती मी परत घातलीच नाहीत. पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत, सुट्ट्या येनांबरोबर. ठरवून नाही गं. बोटं सुजली होती, मग राहिलं, मग राहूच दिलं. तिथल्या मुक्कामात त्याचा फोन आला नाही, हे मला परतीच्या गाडीत सुचलं. मीही केला नव्हता! आल्यावर त्याने टाइल्सचे फोटो दाखवले. माझे पाय त्याच्या पुढ्यातच होते. त्याला दिसलं नाही. की दिसलं आणि तेही "जा की"च?

आणखी एक. कुसात्सुत पूर्वी कुष्ठरोगी यायचे, पाण्याने बरं वाटेल म्हणून. त्यांची वस्तीच होती. 1932 मध्ये सरकारने वसाहत काढली, कुर्यू राकुसेन-एन. तिथे 1938 ते 1947 पर्यंत एक तुरुंग होता. न ऐकणाऱ्या रोग्यांना त्यात डांबायचे, उणे दहाच्या खाली जाणाऱ्या थंडीत, शेकोटीशिवाय. 93 जण डांबले, 23 दगावले. सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा रद्द व्हायला 1996 उजाडलं. आता तिथे संग्रहालय आहे, कोठडी पुन्हा बांधून दाखवलीय. मी आत उभी राहिले आणि मला बाबा आमट्यांची सोमनाथची छावणी आठवली, मे महिन्याचं ते ऊन, पहिली पंगत. घास आपल्या दोघींच्याही घशात अडकला होता, पण तू तसं म्हणालीस आणि मी पाणी मागत राहिले. बाहेर पडल्यावर हे कुणाला सांगू म्हणून फोन काढला, तर बोट तुझ्या नावावर. त्याचं नाव डोक्यातच आलं नाही. भारतात तेव्हा पहाट होती म्हणून केला नाही. काळजी आहे ती ही, जोडव्यांची नाही.

इथे जुनं सांगणं आहे की डॉक्टर आणि कुसात्सुचं पाणी, दोघंही प्रेमरोगापुढे हात टेकतात. तो रोगच गेला असेल तर काय करायचं, त्याबद्दल काही पाटी नव्हती.

तुझा शिवणक्लास चालू झाला का? लेकीचं बाळंतपण नीट पार पडलं ना? फोटो मिळाला, पण नुसती टोपीच दिसते. मुलगा की मुलगी? भावजयीशी बोलणं सुरू कर, अबोल्यात काही अर्थ नाही.

उत्तर लिहून पाठव, फोन करू नकोस. हा बाजूलाच बसलेला असतो. आणि वारज्यात पाण्याचं काय, उन्हाळ्यात टँकर लागतो का, तेही चौकशी करून कळव.

तुझी,
सुधी