‘काय घेतलं होतं?’ याचं उत्तर देता यावं म्हणून

सप्रेम नमस्कार,

नशेमुळे अडचणीत आलेल्यांसाठी आम्ही मदतीचा फोन चालवतो. एकदा रात्री पावणेदोनला तो वाजला. पलीकडचा मुलगा कुजबुजत होता, “मित्र उठत नाहीये. घरी कळवू नका, प्लीज.” कुणी दिलं, कुठून आणलं, हे आमच्या कार्यकर्तीने विचारलं नाही. “श्वास चालू आहे का बघ. छातीकडे बघ आणि मिनिटभर मोज, मी फोनवर आहे.” मुलाने मोजले. सहाच भरले, म्हणजे फारच कमी. दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत आमची ताई त्याच्याशी बोलत राहिली.

दोघांनी झोपेची समजून गोळी घेतली होती, मित्राने अख्खी आणि फोन करणाऱ्याने अर्धीच. दवाखान्यात लघवीच्या नेहमीच्या तपासणीत काहीच सापडलं नाही. नालोक्सोन (अफूसारख्या नशेचा असर उतरवणारं औषध) दिल्यावर मित्राने डोळे उघडले, पण तासाभरात तो पुन्हा गुंगीत गेला आणि पुन्हा डोस द्यावा लागला. उरलेली अर्धी गोळी खिशात होती म्हणून पुढे कळलं, की त्यात नायटाझीन, म्हणजे अफूसारखं काम करणारं अतिशय तीव्र कृत्रिम रसायन, होतं. मित्र वाचला. त्या रात्री फोन उचलायला कुणीतरी होतं, हे मात्र नशीब. आठवड्यातल्या चारच रात्री आमच्याकडे माणूस असतो.

हे आवाहन उरलेल्या तीन रात्रींसाठी आहे.

नव्या नशांचं मूळ दुखणं हे, की घेणाऱ्यालाच ठाऊक नसतं आपण काय घेतोय. बंदी असलेल्या रेणूत कुठेतरी एखादा अणुगट बदलायचा, नवं नाव द्यायचं आणि विकायचं. कायदा तिथवर पोचेपर्यंत पुढचा तयार असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाकडे अशा हजाराहून जास्त पदार्थांची नोंद झाली आहे. गंमत नाही, पण यातले बरेचसे ‘नवे’ नाहीतच. मेफेड्रोन ही उत्तेजक नशा पहिल्यांदा १९२९ साली तयार झालं होतं. नायटाझीनं १९५०च्या दशकात वेदनाशामक म्हणून शोधली गेली आणि औषध म्हणून कधी बाजारात आलीच नाहीत. जेडब्ल्यूएच-०१८ हा गांजासारखा परिणाम करणारा कृत्रिम रेणू अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतल्या ग्राहींचा (असे रेणू जिथे चिकटून परिणाम करतात त्या जागांचा) अभ्यास करण्यासाठी बनवला गेला. २००८ साली तोच जर्मनीत ‘स्पाइस’ नावाच्या पाकिटांतल्या पाल्यावर सापडला.

या पाल्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘गांजासारखंच आहे’ हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. रसायन विरघळवून सुक्या पाल्यावर फवारतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. एका चिमटीत जवळजवळ काही नसतं, त्याच पाकिटातल्या पुढच्या चिमटीत कितीतरी पट. काल दोन झुरके मारून काही झालं नाही म्हणून आज चार मारणारा मुलगा कोसळतो, तो यामुळे. शिवाय गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक ग्राहीला अर्धवट चेतवतो. यातले अनेक रेणू पूर्ण ताकदीने चेतवतात. झटके येतात, छाती धडधडते, माणूस स्वतःलाच ओळखेनासा होतो.

घाबरवणारी पोस्टर्स आम्ही छापत नाही. ज्याच्या मित्राला काही झालेलं नाही तो ती बघून हसतो आणि ज्याच्या मित्राला झालंय तो आमच्यापासून लपतो. मूल बोलत राहिलं पाहिजे, एवढं आम्ही इतक्या वर्षांत शिकलो.

म्हणून पहिली मागणी वेळेची आहे. महिन्यातून दोन रात्री फोनजवळ बसतील अशी माणसं हवीत. डॉक्टर, परिचारिका असतील तर उत्तमच, पण शांत आवाज आणि न रागावता ऐकायची तयारी एवढ्यावरही भागतं. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी तर जरूर यावं. तुमचं बोलणं मुलं जितकं ऐकतात तितकं आमचं ऐकत नाहीत.

दुसरी मागणी पैशांची. त्यातून नालोक्सोनचे नाकात मारायचे फवारे आणि मालात काय आहे ते तपासायच्या पट्ट्या घ्यायच्या आहेत. फेंटानिल (अफूसारखंच दुसरं तीव्र कृत्रिम रसायन) ओळखणारी पट्टी नायटाझीन ओळखत नाही, त्यामुळे दोन्हींच्या पट्ट्या लागतात. पट्टीवर दोन रेघा आल्या तर ‘आढळलं नाही’ आणि एकच आली तर ‘आढळलं’: गर्भचाचणीच्या अगदी उलट. घाबरलेल्या पोराने एकट्याने वाचली तर चूक ठरलेली, म्हणून प्रत्येक पट्टीमागे शेजारी बसणारा माणूस लागतो. पट्टी सगळी नायटाझीनं पकडत नाही, त्यामुळे ‘माल चांगला आहे’ असं आम्ही कुणालाही, कधीही सांगत नाही. देणगी रोखीत घेत नाही. पावती मिळेल आणि दर तिमाहीचा हिशेब कुणालाही कार्यालयात बघता येईल.

आई-वडिलांकडे एक वेगळी विनंती. खोलीत पुडी, गोळी किंवा वेपचं (ई-सिगारेटचं) काडतूस सापडलं तर संतापाच्या भरात संडासात टाकू नका. मूल शुद्धीत नसेल तर आधी ॲम्ब्युलन्स, मग त्याला कुशीवर वळवा, आणि सापडलेली वस्तू डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांना तेवढाच धागा मिळतो. मूल शुद्धीत असेल तर त्या रात्री भांडू नका, आम्हाला फोन करा. नाव विचारत नाही.

स्वयंसेवकांचं प्रशिक्षण दोन संध्याकाळचं आहे. श्वास मोजणं, कुशीवर वळवणं, छाती दाबणं, फवारा देणं, सगळं हाताने करून घेतो. सरावाच्या बाहुल्या आमच्याकडे दोनच आहेत, म्हणून येणार असाल तर आधी कळवा. आणखी मागवून ठेवू.