पट्टी झाकून पाहू या

सांगली
ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू एक वाक्य बोललास, तेवढ्यात वहिनींनी हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. तू म्हणालास, "आता बुद्धिबळाच्या डावावर बोलण्यासारखं उरलंय काय? कोण जिंकतंय ते मोबाईलवर आधीच दिसतं." तेव्हापासून ते मनातून जात नाही. फोनवर याचं उत्तर नीट देता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. निवांत वाच.

कोण जिंकतंय ते दाखवणारी ती मोबाईलवरची पट्टी मीही पाहतो. पटाच्या शेजारी उभी, पांढरी-काळी. इंजिन, म्हणजे डाव मोजणारा संगणकाचा प्रोग्रॅम, मिनिटागणिक लाखो शक्यता तपासतो आणि कोणाचं पारडं किती जड ते प्यादांच्या मापात सांगतो. ते सांगतं ते बहुतेक वेळा खरंच असतं, त्यावर आपला वाद नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं, तेव्हाच माणूस जास्त चांगला खेळतो की यंत्र हा प्रश्न निकालात निघायला लागला होता. आता तर खिशातला फोनही जगज्जेत्याला हरवतो. मग माणसांच्या डावावर माणसांनी बोलायचं कशाला, हा तुझा प्रश्न. माझं म्हणणं असं की बोलायचं ते नेमकं पट्टीला दिसत नाही त्याबद्दल, आणि ते पुष्कळ आहे.

सिंगापूरला झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव घे. १२ डिसेंबर २०२४. तेरा डावांनंतर आपला गुकेश आणि चीनचा तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन साडेसहा-साडेसहा गुणांवर. डिंगकडे पांढरी मोहरी. वजीर केव्हाच पटावरून गेलेले. दोघांकडे एकेक हत्ती, एकाच रंगाच्या घरांवरून फिरणारा एकेक उंट, आणि प्यादी गुकेशची तीन, डिंगची दोन, सगळी एकाच बाजूला. अशी स्थिती बरोबरीत सुटते हे शिकाऊ खेळाडूलाही सांगितलेलं असतं. पट्टी अगदी मध्यावर होती. पाहणारे बरोबरी फोडायला दुसऱ्या दिवशी होणाऱ्या जलद डावांच्या गप्पा करायला लागले होते.

आणि ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ या घरावर नेला. हत्तीला हत्ती गेला की कटकट मिटेल, असा हिशोब दिसतो. पण त्याचा उंट पार कोपऱ्यात, ए-८ वर होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी-५ वर, बरोबर त्याच कर्णावर आणून उभा केला. कोपऱ्यातल्या उंटाला हलायला दुसरी वाटच नव्हती. उंटाला उंट गेला, राजे आणि प्यादी उरली, आणि तिथे ते एक जादा प्यादं पुरेसं होतं. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला, रडला, आणि रडता रडता पटावर मोहरी पुन्हा जागच्या जागी मांडत बसला. ते मांडणं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता पट्टीचं काय झालं बघ. हत्ती एफ-२ वर टेकला आणि पट्टी काळी झाली. घरी बसलेल्या प्रत्येकाला गुकेशच्या आधी कळलं. गुकेशने नंतर सांगितलं की तो आधी हत्तीचीच दुसरी चाल करणार होता, मग त्याला तो कोपऱ्यातला उंट दिसला. म्हणजे काही क्षण असे होते की जगाला माहीत होतं आणि ज्याला माहीत असायला हवं त्याला नव्हतं. पाहणाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण तो उंट स्वतः शोधण्याचा आनंद त्यांच्यातल्या किती जणांना मिळाला? तो एकट्या गुकेशला मिळाला. आपण दोघं पट्टी झाकून बसलो असतो तर कदाचित आपल्यालाही मिळाला असता. नसता मिळाला तर "हा हत्ती का देतोय?" यावर तरी अर्धा तास रंगला असता.

माझा खरा मुद्दा पट्टीतल्या शून्याचा, म्हणजे दोघं सारखे असल्याच्या आकड्याचा आहे. ज्या स्थितीत कोणीही डोळे मिटून बरोबरी करेल तिथेही शून्य, आणि ज्या स्थितीत थकलेल्या माणसाला, घड्याळात वेळ कमी असताना, एकामागून एक अचूक चाली सापडायला हव्यात तिथेही शून्यच. इंजिनला दोन्ही सारखीच. माणसाला त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चौदाव्या डावाचं सगळं नाट्य त्या फरकात होतं. गुकेश सोप्या बरोबरीला राजी झाला नाही, खेळतच राहिला, समोरच्याला प्रश्न विचारत राहिला. "डिंगने घोडचूक केली, बस्स" असं तू म्हणालास ना, ते मला मान्य नाही. ती चूक घडायला गुकेशने कित्येक चाली जागा तयार केली होती.

आणखी एक उंट आठवतो. आइसलँडचं रेकयाविक, ११ जुलै १९७२, अमेरिकेचा फिशर आणि तेव्हाचा जगज्जेता, रशियाचा स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा पहिला डाव. उंट आणि प्यादी उरलेली, बरोबरी समोर दिसत असताना २९व्या चालीला फिशरने उंटाने एच-२ वरचं प्यादं खाल्लं. स्पास्कीने शेजारचं प्यादं एक घर सरकवलं आणि उंट अडकला. फिशर तो डाव हरला. दुसऱ्या डावाला आलाच नाही, तरी शेवटी साडेबारा-साडेआठने जगज्जेता झाला. त्या चालीवर माणसं किती वर्षं बोलत आली आहेत! मोजताना चुकला? बरोबरी नको म्हणून मुद्दाम धोका पत्करला? की नुसती चीड होती? त्या चालीनंतरही डाव वाचवता आला असता, हे विश्लेषकांनी दाखवून दिलं आहे. पण त्याने ती चाल का केली, हे कुठलंही इंजिन सांगू शकत नाही. ते आपल्यासारख्यांनीच, त्या माणसाच्या स्वभावाकडे बघून, एकमेकांशी भांडत ठरवायचं. मला वाटतं त्याला बरोबरी सहन झाली नाही. तुझं मत कळव.

याची उलटी बाजूही आहे. पत्रांतून बुद्धिबळ खेळण्याची जुनी रीत आहे, एकेक चाल टपालाने. आता ते सगळं संगणकावरून चालतं आणि तिथे इंजिन वापरायला अधिकृत परवानगी आहे. परिणाम असा की अगदी वरच्या स्पर्धांत बहुतांश डाव बरोबरीत सुटतात. खेळणाऱ्यांची मेहनत खोटी नाही, पण त्या डावांवर आपल्या कट्ट्यावर कधी कोणी बोललेलं तुला आठवतं? मला नाही आठवत. यंत्राचा शब्द दोन्ही बाजूंना सारखाच मिळाला की बोलायला फटच राहत नाही.

आता तुझ्या नागपूरकडे येतो. दिव्या देशमुखने गेल्या महिन्यात जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा तू फोनवर नुसता ओरडत होतास. १९ वर्षांची पोर, अंतिम फेरीत समोर आपलीच कोनेरू हम्पी, जी दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधीच ग्रँडमास्टर झाली होती. नेहमीचे दोन डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसरा जलद डाव दिव्याने काळी घेऊन जिंकला. स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी स्पर्धांत मिळवावा लागणारा निकष, नव्हता. त्या एका विजयाने थेट ग्रँडमास्टरचा किताब. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा आक्षेप घेतला गेला होता, आणि स्त्रियांना अडवता येणार नाही असं जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं होतं. ते आठवून बातुमीचा तो शेवटचा डाव पाहिला की ऊर भरून येतो.

पण त्या डावावर आपण काय बोललो? तू म्हणालास, "पट्टी तीनदा इकडून तिकडे गेली." बस, एवढंच. हम्पीला वेळेची चणचण कुठे भासायला लागली, दिव्याने कुठे घाई केली नाही, एकाच देशाच्या दोघी समोरासमोर असताना कोणावर जास्त ओझं होतं, यातलं काहीच नाही. तुझ्या गावच्या मुलीचा डाव आणि तुझ्याकडून मला फक्त पट्टीची बातमी मिळाली, याचं वाईट वाटलं रे.

हे नुसतं बुद्धिबळापुरतं नाही. हल्ली आपण सिनेमाला जाण्याआधी तारे मोजतो, पुस्तक उघडण्याआधी कोणाला ते किती आवडलं ते बघतो, नवीन मालिका अजून सुरू केलेली नसते तोवर तिचा शेवट चांगला नाही हे आपल्याला ठाऊक असतं. मग बघून झाल्यावर एकमेकांना म्हणतो काय, तर "हो, तसंच आहे." आपल्या गप्पा कमी झाल्या त्या वय वाढलं म्हणून असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. उत्तर आधी वाचून गणित सोडवायला बसलो तर वहीत लिहिणार काय?

म्हणून एक मागणं आहे. बातुमीचा तो दुसरा जलद डाव पुन्हा काढ, इंजिन बंद करून. लाकडी पट घे, मोहरी हाताने हलव. जिथे तुला वाटेल की आता डाव फिरला, तिथे थांब, चालीचा क्रमांक लिही, आणि तसं का वाटलं ते चार ओळींत मला पाठव. मीही माझ्याकडून तेच करून ठेवतो. दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडली पाहिजेत, म्हणजे कोणी कोणाचं बघून लिहायला नको. एकमेकांचं वाचून झालं, भांडून झालं, की मग हवं तर इंजिनला विचारू.

दिवाळीत येणार असशील तर तिकिटं आत्ताच काढ, मागच्या वेळेसारखं आयत्या वेळी नको. आईला तुझ्या हातच्या सावजीची आठवण येते. ती तिखटाला घाबरत नाही, हे वहिनींना सांग. पिंट्या आता घोड्याच्या चाली शिकला आहे आणि प्रत्येक डावात दोन्ही घोडे पहिल्यांदा बाहेर काढतो. त्याला तुझ्याशी खेळायचं आहे.

तुझा,
अविनाश